महिपतीचे पहिले टीकाकार

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा भरते, तेव्हा नाशिकमधून त्र्यंबकच्या रस्त्याला दिंड्यांची रांग लागते. त्या रांगेतल्या कुणालाही विचारा, पैठणला रेड्याच्या तोंडून वेद कुणी वदवले, तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून वर कशा आल्या, एकनाथांनी श्राद्धाचा स्वयंपाक कुणाला वाढला. उत्तर अडखळत येणार नाही. मग पुढचा प्रश्न विचारा, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आजीनं, आमच्या बुवांनी, कीर्तनात ऐकलं. महिपतीचं नाव क्वचितच कुणी घेईल.

महिपती ताहाराबादकर (१७१५–१७९०) हा मराठीतला सर्वात प्रभावी वाङ्मयीन चरित्रकार आहे, असं माझं मत आहे, आणि ‘सर्वात’ हा शब्द मी सवयीनं वापरलेला नाही. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचा हा कुलकर्णी. (आपल्या बागलाणातलं ताहाराबाद वेगळं. नाशिककर नेहमी हा घोळ घालतात.) ‘भक्तविजय’ १७६२ चा, अध्याय ५७. ‘भक्तलीलामृत’ १७७४ चा, अध्याय ५१. त्याखेरीज ‘संतलीलामृत’ आणि इतर रचना. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम ही माणसं कशी जगली याचं जे चित्र मराठी मनात आहे, त्याच्या रेषा बहुतेक याच माणसानं ओढलेल्या. कवींची चरित्रं लिहून एका भाषेची आपल्याच कवींबद्दलची समजूत घडवणारा दुसरा कुणी मला मराठीत दिसत नाही.

पण हा लेख त्याच्या थोरवीबद्दल नाही. थोरवी गायला आपल्याकडे माणसं कमी नाहीत. माझी मागणी रुक्ष आहे. महिपतीकडे आधुनिक नजरेनं पाहणाऱ्या पहिल्या दोन-तीन पिढ्यांनी, म्हणजे साधारण १८६० ते १९४० या काळात, त्याच्याबद्दल जे जे लिहिलं ते एका ठिकाणी जमवावं, नाशिकमध्ये जमवावं, आणि सार्वजनिक ग्रंथालयाच्या पैशातून जमवावं. बरोबर लिहिलेलं आणि चुकीचं लिहिलेलं, दोन्ही. चुकीचं तर आधी.

चुकीचं कशासाठी, हे सांगायला थोडं लांब जावं लागेल, थेट लंडनला. महिपती गेला १७९०त. १६ मे १७९१ रोजी जेम्स बॉझवेलनं लिहिलेलं इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सनचं चरित्र बाजारात आलं. इंग्रजीतल्या चरित्रलेखनाला या पुस्तकानं वळण दिलं हे आज कुणी नाकारत नाही. पण पुस्तक मोठं आणि लेखक मूर्ख, अशी विचित्र समजूत पुढची शंभर वर्षं टिकली. तिचा उगम नेमका दाखवता येतो. १८३१ साली क्रोकर नावाच्या टोरी राजकारण्यानं बॉझवेलच्या चरित्राची नवी आवृत्ती काढली. सप्टेंबरच्या ‘एडिंबरो रिव्ह्यू’ या नियतकालिकात निबंधकार आणि राजकारणी मेकॉलेनं तिच्यावर लिहिलं. क्रोकर हा त्याचा पार्लमेंटातला वैरी. थंड उकडलेल्या वासराच्या मांसापेक्षाही मला हा माणूस किळसवाणा वाटतो, अशा अर्थाचं त्यानं घरच्या पत्रात लिहून ठेवलेलं आहे. परीक्षणात क्रोकरची सालं काढता काढता बॉझवेलचीही निघाली. हा माणूस मूर्ख, लोचट, बढाईखोर होता, आणि असा होता म्हणूनच हे पुस्तक लिहू शकला, असा मेकॉलेचा दावा.

पुढच्याच वर्षी, मे १८३२ मध्ये, निबंधकार कार्लाइलनं ‘फ्रेझर्स मॅगझिन’मध्ये त्याला उत्तर दिलं. दुर्गुणांतून चांगलं पुस्तक निपजत नाही. बॉझवेलकडे थोर माणूस ओळखण्याची नजर आणि त्याच्यापुढे वाकण्याइतकं मोकळं मन होतं, असं कार्लाइलचं म्हणणं. म्हणजे बॉझवेलवरचा वाद सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं, तोच त्याच्या दोन्ही बाजू छापून तयार होत्या. तरी लोकांच्या लक्षात राहिला तो मेकॉले. त्याची भाषा चटपटीत. शिवाय ती पाठ्यपुस्तकांत गेली.

मग १९२० नंतर डब्लिनजवळच्या मॅलाहाइड किल्ल्यात बॉझवेलच्या वंशजांकडे त्याचे कागद असल्याचं उघड झालं. क्रोके या खेळाचं सामान असेल असं समजून पडून राहिलेल्या एका पेटीतही हस्तलिखितं निघाली. १९३०-३१ मध्ये स्कॉटलंडमधल्या दुसऱ्या एका घरात आणखी गठ्ठा सापडला. कागद येल विद्यापीठाकडे गेले, १९५० मध्ये तरुण बॉझवेलची लंडनची रोजनिशी छापून आली, आणि लोकांना कळलं की हा माणूस टिपणं ठेवत होता, ती पुन्हा लिहीत होता, प्रसंग रचत होता, काय ठेवायचं आणि काय गाळायचं याचा विचार करत होता. थोडक्यात, लेखक होता.

आता कुणी म्हणेल, मग संपलं की. खरं कळलं, मेकॉले रद्दीत घाला. इथेच माझा मतभेद आहे. मेकॉले टाकून दिला तर शंभर वर्षं सुशिक्षित लोक बॉझवेलला हसत का होते, हे कोडंच राहतं. आणि आपल्यापुरता प्रश्न त्याहून जवळचा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त डॉ. जॉन्सनचं चरित्र मराठीत लिहिलं. जॉन्सनच्या ‘रासेलस’ या कथेचं मराठी रूप तर त्यांच्या वडिलांपासून घरात घडत होतं. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या मराठी तरुणानं चरित्र कसं असावं, चरित्रकार कसा असावा याचे धडे घेतले ते मेकॉलेच्याच इंग्रजीतून. चरित्रकार म्हणजे मोठ्या माणसामागे चालणारा भाबडा टिपणकार, ही कल्पना त्या धड्यांतून आली नसेल असं मानणं मला जड जातं. आणि ती कल्पना डोक्यात घेऊन ही मंडळी घरी परतली, तेव्हा त्यांच्या देवघराशेजारच्या फडताळात ‘भक्तविजया’ची पोथी होती.

बॉझवेलच्या बाबतीत इंग्रजांनी आपले सगळे जुने टीकाकार जपले, क्रोकरची आवृत्तीसुद्धा जपली. म्हणून मेकॉलेचा राग कुठे संपतो आणि मत कुठे सुरू होतं, हे आज कुणीही दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून पाहू शकतो. महिपतीच्या बाबतीत आपण हे करू शकतो का? पुस्तकं आहेत, पण विखुरलेली. जनार्दन रामचंद्रजींचं ‘कविचरित्र’ १८६० चं. संतकवींबद्दल लिहिताना महिपतीला वगळून पुढे जाणं त्या काळी कुणालाच शक्य नव्हतं. मग वि. ल. भाव्यांचं ‘महाराष्ट्र सारस्वत’. मग ज. र. आजगावकरांच्या कविचरित्रांचे खंड. मग ल. रा. पांगारकर, ज्यांनी मोरोपंत, तुकाराम, एकनाथ यांची चरित्रं लिहिताना महिपतीशी एकाच वेळी गुरूसारखं आणि साक्षीदारासारखं वागून पाहिलं. १९२२ मध्ये फ्रेझर आणि एडवर्ड्स यांचं तुकारामांवरचं इंग्रजी पुस्तक आलं. आणि या सगळ्यांत नाशिककरांनी विशेष लक्ष द्यावं असे न्यायमूर्ती रानडे, जे आपल्याच निफाडात जन्मले.

रानड्यांचं मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचं इंग्रजी पुस्तक १९०० साली निघालं. त्यात महाराष्ट्रातल्या संतांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि आपल्याच एका कवीनं, महिपतीनं, लिहिलेली विस्तृत चरित्रं हाच आपला मुख्य आधार आहे, असं ते सुरुवातीलाच मोकळेपणानं सांगतात. मग महिपतीच्या गोष्टींतून ते काय काढतात ते बघण्यासारखं आहे. रेडा वेद म्हणाला की नाही या वादात ते अडकत नाहीत. संतांमध्ये ब्राह्मण किती, इतर जातींचे किती, बायका किती, मुसलमान किती याचा अंदाज मांडतात, आणि त्यातून युरोपातल्या धर्मसुधारणेशी तुलना करता येईल अशी एक सामाजिक चळवळ उभी करतात. भक्तीसाठी लिहिलेलं चरित्र राष्ट्राच्या इतिहासाचा पुरावा बनलं, ते या प्रकरणात. संत-चळवळीनं समाज एक केला आणि त्या पायावर स्वराज्य उभं राहिलं, हे वाक्य आज शाळेतलं पोरही लिहितं. त्याच्या मुळाशी महिपती आहे, पण रानड्यांनी वाचलेला. पुढे राजवाड्यांसारख्या इतिहासकारांनी संतांच्या कार्याबद्दल अगदी उलट सूर लावला. हा सगळा वाद म्हणजे, खोलवर पाहिलं तर, एका चरित्रकाराचं वाचन कसं करायचं याचा वाद आहे.

म्हणून मी म्हणतो की हे पहिले अभ्यास जमवणं हा हौशी ग्रंथसंग्राहकाचा छंद नाही. संतांवरून आपण आज जी भांडणं करतो, कोण कुणाचा गुरू, तुकाराम गेले कसे, कुणी छळलं, त्यातली बरीचशी माहिती महिपतीची असते आणि बरेचसे निष्कर्ष त्याच्या पहिल्या वाचकांचे. दोन्ही वेगळे करायचे तर दोन्ही समोर हवेत.

महिपती भाबडा होता ही समजूत तपासायला तर त्याची पोथीच पुरे. ‘भक्तविजया’च्या सुरुवातीलाच तो आधार सांगतो. उत्तरेत नाभाजींनी ग्वाल्हेरी भाषेत संतचरित्रं लिहिली, माणदेशात उद्धवचिद्घनांनी लिहिली, ती दोन्ही एकत्र करून मी हा ग्रंथ रचतो आहे. श्रोतेहो, हे माझ्या मनचं आहे असं समजू नका. भाबडा माणूस असा खुलासा करत नाही. श्रोते शंका घेणार हे त्याला ठाऊक आहे. आणखी एक गोष्ट. एकनाथ आणि तुकाराम यांचं चरित्र त्यानं ‘भक्तविजया’त सांगितलं, तरी बारा वर्षांनी ‘भक्तलीलामृता’त पुन्हा, कितीतरी विस्तारानं सांगितलं, तुकारामांना तिथे २५ ते ४० असे सोळा अध्याय दिले. आधीचं लिखाण त्याला अपुरं वाटलं असणार. मधल्या वर्षांत त्यानं काय ऐकलं, कुणाकडून ऐकलं, काय बदललं? बॉझवेलच्या बाबतीत असे प्रश्न विचारायला जगाला पेटीभर कागद लागले. महिपतीनं दोन्ही खर्डे छापल्यासारखे आपल्या हाती दिले आहेत, आणि आपण त्यांचं पारायण करून ते पुन्हा सोवळ्यात बांधून ठेवतो.

पारायणाला माझा विरोध नाही, हे लिहून टाकतो, नाहीतर पत्रं येतील.

अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांच्या मालिकेचं उदाहरण या सगळ्यात फार बोलकं आहे. आयुष्याचा मोठा भाग मराठी मुलखात काढलेल्या या माणसानं म्हातारपणी न्यू जर्सीतल्या समिट या गावी बसून महिपतीची चरित्रं इंग्रजीत आणली. एकनाथ १९२७, तुकाराम १९३०. पुस्तकं छापली जायची पुण्यात, प्रकाशक म्हणून नाव ॲबट यांचं. १९३२ साली ते गेले. ‘भक्तविजया’चे दोन खंड त्यानंतर, १९३३ आणि १९३४ मध्ये बाहेर आले, नरहर गोडबोले यांच्या मदतीनं झालेलं काम. ज्या पंथानं मूर्तिपूजेवर टीका करण्यात उभं शतक घालवलं, त्याच पंथाचा एक माणूस शेवटी महिपतीचा सर्वात निष्ठावान अनुवादक ठरला. हे कसं घडलं? त्याचं उत्तर त्या खंडांच्या प्रस्तावनांत आणि टिपांत आहे. आज परदेशात एकनाथांवर, नामदेवांवर इंग्रजीत जे अभ्यास होतात, त्यांना महिपतीपर्यंत नेणारी वाट बराच काळ ॲबट यांच्या खंडांवरून गेली. नाशिकमध्ये हे सगळे खंड एका कपाटात पाहायला मिळावेत, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.

आता नाशिकच का, हे. नगरच्या माणसाचं काम नगरनं करावं, पुण्यात एवढ्या संस्था आहेत त्यांनी करावं, असं कुणीही म्हणेल. पुण्याबद्दल माझं उत्तर थोडं कडवट आहे. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, कपाटं फोडली, हस्तलिखितं-पुस्तकांची नासधूस केली. निमित्त एका चरित्रविषयक इंग्रजी पुस्तकाचंच होतं. महाराष्ट्राची अभ्यासाची सगळी सामग्री एका शहरात, त्यातल्या दोन-चार इमारतींत ठेवण्याचा अर्थ त्या दिवशी कळायला हवा होता. सामग्री वाटून ठेवावी. आणि वाटायची तर नाशिकचा हक्क पहिला. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० साली स्थापन झालं, म्हणजे ‘कविचरित्र’ छापलं जाण्याच्या वीस वर्षं आधी इथे पुस्तकांची कपाटं होती. हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय १९२४ पासून आहे. मुक्त विद्यापीठ आहे. कुसुमाग्रज स्मारक आहे, आणि तिथल्याच प्रतिष्ठाननं २००९ मध्ये सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना पेट्यांतून पुस्तकं घेऊन देशाबाहेरही पोचली. आणि वारकऱ्यांची पायवाट या शहरातून जाते, ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

पण ‘ग्रंथ तुमच्या दारी’चं यश हेच माझ्या मागणीपुढचं संकटही आहे. ग्रंथालयाचं काम म्हणजे पुस्तक फिरवणं, हे आपण इतकं मनावर घेतलं आहे की न फिरणारं पुस्तक म्हणजे गुन्हेगार. जिल्ह्यातल्या एका जुन्या वाचनालयात मी ‘विविधज्ञानविस्तार’ या जुन्या मासिकाच्या बांधीव खंडांची चौकशी केली. कार्यवाह सज्जन गृहस्थ. म्हणाले, “सर, ते कोण नेतं हो? कसर लागली होती, बाकीच्या पुस्तकांत पसरली असती. निर्लेखित करून टाकले.” त्यांचं काय चुकलं? नियमानं चूक काहीच नाही. जीर्ण पुस्तकांची यादी झाली, समितीनं सही केली, रद्दीवाला आला. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ मध्ये सुरू झालं आणि सत्तर वर्षं चाललं. मराठी टीका लिहायला शिकली ती बऱ्याच अंशी त्याच पानांवर. त्यातला एखादा लेख महिपतीवरचा असेल, एखाद्या पत्रात कुणी त्याची कालगणना खोडून काढली असेल. रद्दीच्या काट्यावर त्याचं वजन होतं, पण तो लेख कुठे होता हे सांगणारी सूची नव्हती.

दोष व्यवस्थेचा आहे आणि व्यवस्था कायद्यात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या पाहतात, वाचक पाहतात, नियतकालिकं पाहतात. दाखल नोंदवहीत १८९० चा मासिकाचा खंड ही एक ओळ आणि स्पर्धापरीक्षेचं गाईड हीसुद्धा एक ओळ. दोन्ही ओळींचं मोल सारखं, आणि गाईड तर रोज बाहेर जातं. मग शहाणा ग्रंथपाल काय करेल? अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांची गरज खरी आहे, मी तिला तुच्छ लेखत नाही. नाशिकमध्ये सकाळी अभ्यासिकेबाहेर उभी राहणारी पोरं मी पाहतो. पण एक गरज भागवताना दुसरीची आठवणही पुसायची, असं कायद्यानं कुठे सांगितलंय? जिल्ह्यातल्या निदान एका ग्रंथालयाला, न फिरणाऱ्या पुस्तकांसाठी, वेगळ्या निकषावर वेगळं अनुदान हवं. तो निकष वाचकसंख्येचा नसावा. सूची किती झाली, किती पानं जपली गेली, मागणी आल्यावर लेख किती दिवसांत हाती देता आला, असले निकष असावेत. ग्रंथालयांना मदत करणाऱ्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाच्या योजनांतून खरेदी करतानाही अशा संग्रहाला थोडी जागा काढता येईल.

“हे सगळं नेटवर आहे की,” असं तरुण मित्र म्हणतात. आहे, काही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी प्रकल्पात हजारो मराठी पुस्तकं स्कॅन झाली, पुढे ते संकेतस्थळच बंद पडलं, आणि कुणीतरी आधीच उतरवून ठेवल्यामुळे त्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर वाचल्या. पण नावं कशी टाकली आहेत? मराठी शीर्षकं मोडक्या रोमन लिपीत, लेखकाच्या जागी संपादक, सालाच्या जागी काहीही. शोधणाऱ्याला आधीच माहीत असेल तरच सापडतं. शिवाय पुस्तकं स्कॅन झाली, मासिकांतले सुटे लेख झाले असं नाही, पोथ्यांच्या जुन्या छापील आवृत्त्यांच्या प्रस्तावना झाल्या असं नाही. शिळाछापाच्या पोथीचं पहिलं आणि शेवटचं पान आधी फाटतं, आणि प्रकाशकानं जे काही म्हटलेलं असतं ते नेमकं त्याच दोन पानांवर असतं. स्वामित्वहक्काची अडचणही नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. रानडे, भावे, ॲबट, पांगारकर, आजगावकर, सगळ्यांचं लिखाण मोकळं आहे. छापा, स्कॅन करा, फुकट वाटा. अडचण आहे ती कुणाला तरी बसून हे गोळा करावं, लावावं असं वाटण्याची, आणि त्या बसणाऱ्याला पगार देण्याची. सिंहस्थाच्या आराखड्यांत रस्ते, घाट, पूल यांचे आकडे कोटींच्या पुढे बोलले जातात. त्यातल्या एखाद्या स्वागतकमानीच्या खर्चात दोन सूचीकार दोन-तीन वर्षं काम करतील, असा माझा हिशेब आहे. कमान उतरवली जाते हेही जाता जाता नोंदवतो.

राहिली भीती. ही उघड कुणी बोलत नाही, पण देणगीदाराशी बोलताना जाणवते. महिपतीवरची टीका जमवायची म्हणजे संतांच्या चरित्रावर शंका घेणारे, मिशनरी, सुधारक, नास्तिक असे सगळे एका कपाटात बसवायचे. उद्या कुणी दगड मारला तर? याला महिपतीनंच उत्तर देऊन ठेवलं आहे. तुकारामांच्या चरित्रातून त्यानं मंबाजी गाळला का? तुकोबांना काटेरी फांदीनं मारणारा मंबाजी त्यानं नावानिशी ठेवला. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी तुकोबांच्या कवित्वाला घेतलेला आक्षेप, त्या आक्षेपामागचं शास्त्र, वह्या बुडवण्याची आज्ञा, आणि नंतरचा त्यांचा पालट, सगळं विस्तारानं ठेवलं. तुकारामांच्या पहिल्या टीकाकारांची जी ओळख मराठी माणसाला आहे, ती मुख्यत्वे महिपतीनं जपलेली आहे. त्याला ते विरोधक कथेच्या सोयीसाठी हवे होते असं म्हणा, किंवा त्यांच्याशिवाय तुकाराम समजत नाहीत हे त्याला कळलं होतं असं म्हणा. मी दुसरं म्हणतो. ज्यानं आपल्या नायकाचे टीकाकार अडीचशे वर्षं टिकतील असे लिहून ठेवले, त्याच्या टीकाकारांना आपण कसरीच्या हवाली करतो आहोत.

आणि भक्तांनाही टीकाकार मानायला मी तयार आहे. कीर्तनकार घ्या. त्याच्याकडे आख्यानांची वही असते, हातानं लिहिलेली, बापाकडून किंवा गुरूकडून उतरवलेली, समासात खुणा केलेली. महिपतीचा एक अध्याय घेऊन तो त्यातल्या काही ओव्या म्हणतो, बऱ्याच सोडतो, मध्ये मोरोपंतांची आर्या घालतो, एखादा दृष्टान्त आपला लावतो. काय सोडलं हे बघा. काही बुवा श्राद्धाच्या प्रसंगात महारवाड्यातल्या माणसांना जेवायला बसवणाऱ्या ओव्यांवर रेंगाळतात, काही त्यावरून भरभर पुढे जातात. मंबाजीला कुणी राक्षस करतं, कुणी विनोदी. हे वाचन आहे, निवड आहे, मत आहे. फक्त ते मासिकात छापलेलं नाही. प्राध्यापकांच्या लेखाइतकाच त्या वहीला संग्रहात मान हवा. अशा वह्या पंचवटीत, सिन्नरला, येवल्याला, निफाडच्या खेड्यांत घरोघर ट्रंकेत असणार. घरच्यांना त्या विकायच्या नसतात आणि विकूही नयेत. घरी जाऊन, त्यांच्यासमोर छायाचित्रं घ्यावीत, वही कुणाची, कुणाकडून उतरवली, कुठे कीर्तनं झाली हे विचारून लिहून घ्यावं, आणि वही तिथेच ठेवावी. एका चांगल्या फोनवर हे काम होतं. मात्र विचारणाऱ्याला ओवी आणि आर्या यातला फरक माहीत हवा, म्हणून हे काम मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्यावं. त्यांना आज जे विषय दिले जातात त्यापेक्षा यातून काही हाती लागेल.

कपाट कुठल्या संस्थेत उभं करायचं यावर नाशिकमध्ये मतभेद होणार, हे गृहीत धरतो. इथे वाचनालयाच्या निवडणुकाही रंगतात. तो वाद होईपर्यंत थांबायचं कारण नाही. भावे, आजगावकर, पांगारकर यांच्या दुसऱ्या प्रती पुण्या-मुंबईत मिळतील, ॲबट यांचे खंडही मिळतील, थोडे पैसे लागतील इतकंच. कीर्तनकाराच्या वहीची दुसरी प्रत नसते. तेव्हा सुरुवात वह्यांपासून करावी, येत्या पौषाच्या यात्रेच्या आधी, कारण तेव्हा बुवा घरी सापडतात.